वही दिलीच नाही म्हणून शून्य: परफेक्शनिझममध्ये अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही पायऱ्या

सबमिशनच्या आठवड्यात प्रत्येक वर्गात असा एक तरी विद्यार्थी सापडतो. त्याचं जर्नल जवळजवळ पूर्ण असतं, अक्षर वर्गात सगळ्यांत चांगलं, आकृत्या पट्टी लावून काढलेल्या. पण शेवटचे दोन प्रयोग ‘नीट’ लिहायचे राहिलेत म्हणून ते जर्नल बॅगेतून बाहेर निघतच नाही. शेजारच्याने आदल्या रात्री कुणाचं तरी बघून उतरवलेलं जर्नल दिलं आणि दहापैकी सात घेतले. याला शून्य. सर म्हणतात आळशी आहे, घरचे म्हणतात मोबाईल बघत बसतो. प्रत्यक्षात या मुलाने त्या जर्नलवर वर्गातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त तास घालवलेले असतात.

हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि त्याच्यासारख्या मुलींसाठी. ‘स्वतःवर प्रेम करा’, ‘रिलॅक्स व्हा’ असले सल्ले त्यांना पुष्कळ मिळतात आणि त्यांचा उपयोग होत नाही, कारण गुरुवारी चारला रिपोर्ट द्यायचा असतो तो असतोच. म्हणून इथे त्या गुरुवारचं काय करायचं ते सांगितलं आहे.

शंभर ही संख्या डोक्यात कुठून येते

महाराष्ट्रात दहावीला शंभर टक्के मिळू शकतात. २०२५च्या निकालात २११ विद्यार्थ्यांना ते मिळाले, आणि त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले होते. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे सर्वांत कमी गुणांचा विषय गळतो, कला आणि क्रीडेचे सवलतीचे गुण वर जोडले जातात, हे गणित मोठ्यांना माहीत असतं. पंधरा वर्षांच्या मुलाला एवढंच कळतं की पूर्ण गुण मिळतात, लोकांना मिळालेत, आणि आपल्याला ९४ पडले म्हणजे सहा गेले. हाच मुलगा दोन-तीन वर्षांनी इंजिनिअरिंगला येतो आणि पहिल्याच इनसेममध्ये, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेत, गणितात ३० पैकी ११ घेऊन बाहेर पडतो. दहापैकी ७.८ पॉइंटर ही चांगली गोष्ट असू शकते, हे त्याला तोवर कुणी सांगितलेलं नसतं.

पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. एकात माणूस स्वतःकडून निर्दोषपणा मागतो. दुसऱ्यात तो इतरांकडून मागतो. तिसऱ्यात त्याला वाटत असतं की बाकीचे सगळे आपल्याकडून निर्दोषपणाच मागताहेत, आणि तो दिला नाही तर आपली किंमत उरणार नाही. नैराश्य आणि चिंता यांच्याशी सगळ्यांत पक्कं नातं आढळतं ते या तिसऱ्याचं. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या सुमारे ४१ हजार कॉलेज विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र करून पाहिली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण तिसरा सर्वाधिक, ३३ टक्क्यांनी.

उंच अपेक्षा ठेवणं हा काही आजार नाही. सुंदर अक्षर, नेमका कोड, वेळेआधी पोहोचणं, यात बिघडलेलं काही नाही, आणि ‘जरा कमी अपेक्षा ठेव’ असं सांगणाऱ्यांवर अशी मुलं चिडतात ते बरोबरच आहे. बिघाड कुठे आहे ते चूक सापडली की कळतं. काहींना चूक सापडली की ती दुरुस्त करावीशी वाटते. काहींना चूक सापडली की स्वतःला शिक्षा करावीशी वाटते. मग झोप जाते, वही बंद होते, त्या सरांसमोर जाणं टळतं. तुम्ही यातले कोणते, ते एक आठवडाभर फोनच्या नोट्समध्ये टिपा. चूक काय होती, आणि पुढच्या तासाभरात मी काय केलं, एवढ्या दोनच गोष्टी. सुंदर तक्ता बनवायचा मोह होईल. तो बनवू नका.

पायऱ्यांच्या आधी एक गाळणी

खाली दिलेलं सगळं घरच्या घरी करण्यासारखं आहे, पण काही अवस्थांमध्ये ते पुरत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ती ‘टेन्शन’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. एकच ओळ वीसदा खोडून लिहावी लागते, नाही लिहिली तर जीव कासावीस होतो, असं असेल तर ओसीडीची (तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मानसिक आजाराची) शक्यता मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यायला हवी. आणि ‘आपण नसतो तर बरं’ असा विचार यायला लागला असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आजच कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजारांवर उपचार मिळतात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. तेव्हा कॉलेजात ‘आपल्याकडे कोण आहे?’ हे विचारायला संकोचू नका.

परफेक्शनिस्ट मुलांची एक अडचण समुपदेशकाच्या खोलीतही सोबत येते. तिथेही ती ‘चांगला पेशंट’ व्हायला बघतात. हसून बोलतात, स्वतःचं विश्लेषण स्वतःच करून देतात, ‘तसं एवढं काही नाही’ म्हणतात आणि चाळीस मिनिटांत उठतात. म्हणून जाताना कागदावर पाच ओळी लिहून न्या: झोप किती, जेवण किती, कॉलेजला किती दिवस गेलो नाही, काय टाळतोय, सगळ्यांत वाईट विचार कोणता आला. बोलता आलं नाही तर कागद पुढे करा.

हुशार मुलाला स्वतःची अडचण का सुटत नाही

थर्मोडायनॅमिक्सची गणितं सोडवणाऱ्या मुलाला ‘सरांकडे दोन दिवस मुदत मागायची’ एवढी साधी गोष्ट का जमत नसेल? थॉमस डि’झुरिला आणि मार्विन गोल्डफ्रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये रोजच्या आयुष्यातल्या अडचणी सोडवणं हे एक शिकवता येण्याजोगं कौशल्य म्हणून मांडलं. पुढे डि’झुरिला आणि आर्थर नेझू यांनी त्याचे दोन भाग वेगळे केले. एक भाग म्हणजे प्रत्यक्ष सोडवण्याची रीत. दुसरा त्याच्या आधीचा: अडचण समोर आल्याबरोबर तुम्ही तिला काय समजता. कुणी म्हणतो, ‘हे होतंच, बघू.’ कुणी म्हणतो, ‘हे माझ्याच बाबतीत का झालं, मला जमणारच नाही.’ हा दुसरा पवित्रा ज्यांचा असतो त्यांच्यात उदासी आणि चिंता जास्त आढळते, मग रीत कितीही चांगली येत असो.

परफेक्शनिस्ट विद्यार्थ्याची गाठ नेमकी इथे असते. त्याला रीत येते. पण अडचण आली म्हणजे आपण कुठेतरी कमी पडलो, असा निकाल तो आधीच लावून मोकळा होतो, आणि मग जी गोष्ट सोडवायची असते ती लपवायची होऊन बसते.

नेझूंच्या मांडणीत अडचण हाताळण्याच्या तीन तऱ्हा आहेत: विचार करून, घाईघाईने, आणि टाळून. आपला विद्यार्थी शेवटच्या दोन तऱ्हांमध्ये हेलकावे खातो. तीन आठवडे टाळणं, मग एका रात्रीत चार कप चहावर सगळं उरकणं. त्या रात्री झालेलं काम साहजिकच मनासारखं नसतं. ते बघून तो ठरवतो की पुढच्या वेळी आणखी नीट करायचं, आणि त्या ‘आणखी नीट’च्या धाकाने पुढचं काम आणखी उशिरा सुरू होतं.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक विद्यार्थिनी धरू. लातूरहून पुण्यात आलेली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तीन जणींबरोबर फ्लॅटवर कॉट बेसिसवर राहते. मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट गुरुवारी द्यायचाय. आज सोमवार.

पहिली पायरी: अडचण तिऱ्हाइताने लिहावी तशी लिहा

तिला ‘काय अडचण आहे?’ असं विचारलं तर उत्तर येईल, ‘माझा प्रोजेक्टच फालतू आहे, मला काहीच येत नाही.’ यात सोडवण्यासारखं काही नाही, कारण हा निकाल आहे. निकालाला पर्याय सुचत नाहीत.

कागद घ्या. (लॅपटॉप नको, लॅपटॉपवर फॉन्ट बदलता येतो.) पंचनामा करणारा हवालदार लिहितो तसं लिहा, म्हणजे डोळ्यांना दिसतं तेवढंच. ‘गुरुवारी दुपारी चारपर्यंत रिपोर्ट द्यायचा. पाचपैकी तीन प्रकरणं लिहून झाली. टेस्टिंगचं प्रकरण आणि निष्कर्ष बाकी. दोन आकृत्या नाहीत. गाईड मॅडमना तीन आठवड्यांत काहीही दाखवलेलं नाही. लॉगिनचं पान कधी कधी अडकतं.’ आता पुन्हा वाचा आणि विशेषणं खोडा. ‘फालतू’, ‘लाजिरवाणं’, ‘अर्धवट’ हे शब्द गेले की उरलेल्या कागदात बहुतेक वेळा एकच अवघड गोष्ट निघते. इथे ती दोन प्रकरणं लिहिणं नव्हे; दोन प्रकरणं सहा तासांचं काम आहे. अवघड आहे ते तीन आठवडे तोंड न दाखवल्यावर मॅडमच्या केबिनमध्ये जाणं. मात्र ती बसली आहे आकृत्यांचे रंग निवडत.

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ द्यावा अशी आहे. अडचण चुकीची लिहिली गेली तर पुढचं सगळं नीट करूनही हाती काही लागत नाही. शंका असेल तर रूममेटला कागद वाचायला द्या आणि विचारा, ‘यात खरं अवघड काय वाटतं?’ बाहेरच्या माणसाला ते लगेच दिसतं.

दुसरी पायरी: किती पुरे, ते काम सुरू करण्याआधी ठरवा

काम करता करता ‘पुरे’ ठरवायला गेलात तर ते कधीच ठरणार नाही, कारण हातातलं काम जवळून बघताना त्यातली प्रत्येक उणीव दिसते. म्हणून आकडे आधी.

रिपोर्टला गुण कशाचे आहेत ते विचारून घ्या. आश्चर्य वाटेल इतके विद्यार्थी हे विचारतच नाहीत; मनाशी एक काल्पनिक परीक्षक उभा करतात आणि त्याच्यासाठी लिहितात. धरा, टर्मवर्क, म्हणजे सत्रभरातलं काम, २५ गुणांचं आहे आणि त्यातला थोडा भाग हजेरीचा, थोडा वेळेवर देण्याचा, थोडा तोंडी प्रश्नांचा. मग जिच्यासाठी ती रात्री जागते आहे त्या आकृतीच्या रंगाला किती गुण? शून्य. वेळेवर देण्याला? काहीतरी नक्की आहेत. हे गणित कागदावर दिसलं पाहिजे, मनात ठेवून भागत नाही.

मग सेमिस्टरमधल्या सगळ्या कामांची तीन गटांत वाटणी करा. जिथे खरोखर जीव ओतायचा अशी एक किंवा दोन कामं. जिथे चांगलं पुरे अशी बरीचशी. आणि जिथे फक्त होऊन जायला हवं अशी उरलेली. जर्नलमधला सिद्धांताचा उतारा तिसऱ्या गटातला आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. इंजिनिअरिंगची मुलं ड्रॉइंगच्या शीटची ‘जीटी’ मारतात, म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवतात. तो मार्ग मी सुचवत नाही. पण त्यामागची एक गोष्ट त्यांना बरोबर कळलेली असते, की सगळी कामं सारख्या मोलाची नसतात. परफेक्शनिस्टाला तेवढंच कळत नाही. त्याच्याकडे पहिला एकच गट असतो.

पहिल्या गटात काय ठेवायचं ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा, आणि तिथे हवी तेवढी झटापट करा. कुणाला कोडिंगची स्पर्धा असेल, कुणाला पुरुषोत्तम करंडकाची तालीम. एखादी गोष्ट अगदी मनासारखी जमण्याचा आनंद कुणी तुमच्याकडून काढून घेत नाहीये.

तिसरी पायरी: दहा वाटा लिहा, वाईट वाटा धरून

जाहिरात क्षेत्रातल्या अॅलेक्स ऑस्बॉर्न यांचा नियम होता: कल्पना सुचत असताना त्यांची परीक्षा करायची नाही, आधी संख्या वाढवायची. डि’झुरिला आणि गोल्डफ्रीड यांनी तो आपल्या पद्धतीत घेतला. परफेक्शनिस्टाला ही पायरी फार जड जाते. त्याच्या डोक्यात वाट आणि तिच्यावरची टीका एकदमच जन्माला येतात, आणि दोन वाटांनंतर कागद संपतो: एक, सगळं उत्तम करणं; दोन, काहीच न देणं.

म्हणून मुद्दाम मूर्खपणाच्या वाटांनी सुरुवात करायची. आपली विद्यार्थिनी लिहील: आजारी पडल्याचं सांगायचं. गावी निघून जायचं. मॅडमना आजच मेल करायचा. मेल न करता उद्या सकाळी केबिनबाहेर उभं राहायचं. तीनच प्रकरणं घेऊन जायचं आणि उरलेल्याचं काय करू असं विचारायचं. गटातल्या मुलाला टेस्टिंगचं प्रकरण द्यायचं. आकृत्या हाताने काढून फोटो टाकायचे. लॉगिनची अडचण ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली सरळ लिहून टाकायची. एक दिवस मुदत मागायची. सीनियरचा मागच्या वर्षीचा रिपोर्ट मांडणीसाठी बघायचा.

झाल्या दहा. पहिल्या दोन टाकाऊ आहेत हे तिलाही माहीत आहे, पण त्या कागदावर उतरल्या म्हणून पुढच्यांना जागा झाली. आठवी वाट बघा. जे लपवण्यात तीन आठवडे गेले, तेच रिपोर्टचा एक अधिकृत भाग होऊ शकतं.

चौथी पायरी: पहिली चालणारी वाट धरा

इथे नवा सापळा असतो. दहा वाटा झाल्या की परफेक्शनिस्ट मूल त्यांतली सर्वोत्तम कोणती ते शोधायला बसतं, तक्ता आखतं, गुण देतं, आणि मंगळवार संपतो. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसं आणि संस्था खऱ्या जगात निर्णय कसे घेतात, हा त्यांचा विषय. त्यांनी दाखवलं की वेळ आणि माहिती मर्यादित असताना माणूस सर्वोत्तम शोधत नाही. आपल्या अटींत बसणारा पहिला पर्याय दिसला की थांबतो, आणि ते शहाणपणाचं असतं.

तेव्हा अटी दोनच ठेवा. गुरुवारी चारच्या आत होईल का? आणि केल्यावर अडचण आजच्यापेक्षा लहान होईल का? दहा मिनिटांचा गजर लावा. या दोन अटींत बसणारी पहिली वाट घ्या. इथे पाचवी वाट बसते: तीन प्रकरणं घेऊन उद्या सकाळी केबिन. वाट चुकली तर? कागदावर अजून सात आहेत.

मग पहिलं पाऊल इतकं लहान करा की न करण्याला कारण उरू नये. ‘रिपोर्ट पूर्ण करणं’ हे पाऊल नव्हे. ‘तीन प्रकरणांची प्रिंट आज संध्याकाळी सातच्या आत काढून बॅगेत ठेवणं’ हे पाऊल.

पाचवी पायरी: कच्चं दाखवा, आणि आधी भाकीत लिहा

केबिनमध्ये जाण्याआधी तिने दोन ओळी लिहायच्या. काय होईल असं वाटतं, आणि ते होण्याची खात्री किती टक्के. ‘मॅडम सगळ्यांसमोर बोलतील, म्हणतील इतके दिवस कुठे होतीस, प्रोजेक्ट रद्द करतील. खात्री ८० टक्के.’ आल्यावर त्याच कागदावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. मॅडम बोलल्या का? बहुधा थोडं बोलल्या असतील. रद्द केला का? मॅडमना आणखी बारा गटांचे रिपोर्ट बघायचे असतात. त्यांनी पानं उलटली असतील, एखादं प्रकरण पुढेमागे करायला सांगितलं असेल आणि पुढच्याला बोलावलं असेल.

परफेक्शनिझमवरच्या उपचारांत हा प्रयोग पुष्कळ वापरला जातो, आणि माझ्या मते या सगळ्यांत कामाचा आहे. भीती वादविवादाने जात नाही. भाकीत आणि वास्तव यांतलं अंतर आपल्याच अक्षरात समोर दिसलं तर काहीशी ढिली होते, तीही एकदा बघून नाही, आठ-दहा वेळा बघून.

छोट्या प्रयोगांपासून सुरुवात करा. मित्रांच्या ग्रुपवर शुद्धलेखन न तपासता एक मेसेज टाका. वर्गात उत्तर पूर्ण माहीत नसताना हात वर करा. अर्धं लिहिलेलं उत्तर सीनियरला दाखवा. प्रत्येक वेळी आधी भाकीत, नंतर वास्तव. प्रयोगशाळेतल्या आम्लाशी, दवाखान्यातल्या डोसशी किंवा परीक्षेच्या सीट नंबरशी असे प्रयोग करायचे नाहीत हे सांगायला नको. नर्सिंग आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांना काही जागी शंभर टक्केच लागतात, आणि कुठल्या जागी ते ओळखणं हाही दुसऱ्या पायरीचाच भाग आहे.

कधी कधी भाकीत खरं ठरतं. सर खरोखर सगळ्यांसमोर अपमान करतात. असे सर आहेत. तेव्हा कागदावर तेही लिहा आणि खाली आणखी एक ओळ: ‘आणि मग काय झालं?’ मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा भर याच ओळीवर आहे. अपमान झाला हे वाईट झालं, नको होतं. पण ते भयंकर आहे, सहनच होणार नाही, हे आपण वर जोडलेलं असतं.

विचार चालू आहे की नुसतं दळण

रात्री दोन वाजता छताकडे बघत तुम्ही अडचणीवर ‘विचार’ करत असता. ओळखायची खूण सोपी आहे. पंधरा मिनिटांत कागदावर एक तरी नवी ओळ आली का? आली नसेल तर जात्यात दाणे न घालता जातं फिरवणं चाललं आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९९५ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की आधीच मन खिन्न असताना स्वतःबद्दल घोळवत बसलेल्यांनी सुचवलेले उपाय, थोडा वेळ मन दुसरीकडे वळवलेल्यांच्या उपायांपेक्षा कमी परिणामकारक होते.

याचा व्यवहारातला अर्थ: मन खचलेलं असताना अडचण सोडवायला बसू नका. आधी अर्धा तास दुसरं काहीतरी करा, कॅम्पसला फेरी मारा, कपडे धुवा, मेसच्या काकूंशी गप्पा मारा. मग कागद घ्या. आणि अडचणींसाठी दिवसातली एक वेळ ठरवा, संध्याकाळी सहा ते साडेसहा म्हणा. रात्री दोनला आलेल्या विचाराला एका शब्दात टिपून उद्या सहाची वेळ द्यायची.

जे सुटणार नाही, आणि घरचा फोन

काही अडचणी सुटण्यासारख्या नसतात. निकाल लागला, केटी लागली, म्हणजे एका विषयात नापास झालात, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवून पाहिली, गुण वाढले नाहीत. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो: जिथे परिस्थिती बदलता येते तिथे परिस्थितीवर काम करा, जिथे येत नाही तिथे स्वतःच्या मनाला सांभाळण्यावर. लागलेल्या केटीला दहा वाटा नसतात. तिथे रडणं, मित्राबरोबर बसणं, दोन दिवस काहीच न करणं हेच काम असतं. पुढच्या परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ही मात्र वेगळी अडचण, आणि तिला पाचही पायऱ्या लागू पडतात.

घरच्या अपेक्षांबद्दल लिहिताना पुष्कळ जण सगळं मुलाच्या मनातलं असल्यासारखं लिहितात. तसं नसतं. वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढलेलं असतं, धाकट्या बहिणीचा क्लास त्यासाठी थांबवलेला असतो, घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच व्यक्ती तुम्ही असता. हा दबाव खरा आहे, हप्त्यांमध्ये मोजता येतो. पण ‘त्यांना माझ्याकडून काय हवं आहे’ याबद्दलचा आपला अंदाज आणि त्यांना प्रत्यक्षात हवं ते, हे दोन्ही तपासलेले असतातच असं नाही. पाचवी पायरी इथेही चालते. भाकीत लिहा आणि फोन करा.

फोन करताना पहिल्या दोन वाक्यांत बातमी सांगून टाका. ‘बाबा, एम-थ्रीला, गणिताला, केटी लागली. परीक्षा पुढच्या सेमिस्टरला परत देता येते, वर्ष जात नाही.’ आधी पंधरा मिनिटं प्रस्तावना केली तर पलीकडच्याचा जीव टांगणीला लागतो आणि मग आवाज चढतो. वर्ष जातं की नाही, फी किती, परीक्षा कधी, हे तीन प्रश्न येणारच. उत्तरं आधी काढून ठेवा. आई विचारेल जेवलीस का. त्याचं उत्तर खरं द्या. आणि ‘पुढच्या वेळी नक्की पहिली येईन’ असलं वचन भरात देऊ नका; ते फेडताना पुन्हा तेच चक्र सुरू होतं.

गटाचा प्रोजेक्ट: इतरांकडून मागितलेला निर्दोषपणा

हेविट आणि फ्लेट यांचा दुसरा प्रकार चार जणांच्या गटात उघडा पडतो. एक मुलगी सगळा कोड स्वतः लिहिते, कारण ‘त्यांना दिलं तर नीट होत नाही’. बाकीचे तिघं आधी सांगून बघतात, मग सुखाने चहाला जातात. ती मनातून त्यांच्यावर चिडलेली, ते मागे तिला ‘हिटलर’ म्हणतात, आणि सेमिस्टरअखेर मैत्री गेलेली असते.

इथे उपदेशापेक्षा करार बरा. पहिल्याच आठवड्यात चौघांनी बसून कामाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे एकच नाव, एक तारीख आणि ‘चाललं पाहिजे’ची एक ओळ लिहा: लॉगिनचं पान चुकीच्या पासवर्डला नकार देतं, एवढं पुरे. दुसऱ्याच्या तुकड्यात त्या ओळीबाहेरची दुरुस्ती सुचवायची असेल तर सुचवा, पण हात त्याचाच लागेल. त्याने केलेलं तुमच्यापेक्षा कमी सुबक असेल. ते तसंच जाऊ द्या. त्याचा कोड रात्री गुपचूप पुन्हा लिहून काढण्याची सवय असेल, तर ती सोडणं हाच तुमचा या सेमिस्टरचा प्रयोग. भाकीत लिहून ठेवा.

तारखेला काम आलं नाही तर चिडण्याआधी एकदा विचारा, ‘कुठे अडलंय?’ कारण न आलेलं काम प्रत्येक वेळी आळशाचं नसतं. गटातला गप्प बसणारा मुलगाही कदाचित आपलं अर्धं झालेलं काम तुम्हाला दाखवायला घाबरत असेल. आणि व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, दिवशी बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर कोड लिहिणारीलाच प्रश्न विचारतील असं नाही. ते बहुधा कोपऱ्यात उभ्या असलेल्याकडे बोट करतात आणि म्हणतात, ‘तू सांग रे, हे फंक्शन काय करतं?’